तीन मिनिटे गप्प

दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्याला एक फेरी मारली की एक किलोमीटरहून थोडे जास्त चालणे होते. सकाळी सहाच्या सुमाराला तिथे जी मंडळी फिरत असतात, त्यांच्यातले साखरवाले कोण हे ओळखायला ग्लुकोमीटर लागत नाही. पायात पांढरेशुभ्र बूट, मनगटावर मुलाने न्यू जर्सीहून आणलेले घड्याळ आणि चौघांची आडवी रांग. मागून येणाऱ्याला वाट मिळण्याचा प्रश्नच नाही, घाटात एस.टी.पुढे उसाचा ट्रॅक्टर यावा तसा हा प्रकार असतो.

या रांगेचा वेग विषयावर ठरतो. क्रिकेट चालू असेल तर वेग बरा असतो. सुनेचा विषय निघाला की तो मंदावतो. आणि ‘रीडेव्हलपमेंट’ हा शब्द कुणी उच्चारला की अख्खी रांग जागच्या जागी उभी राहते. कार्पेट एरिया हातवारे केल्याशिवाय सांगता येत नाही, आणि हातवारे करत चालणे सगळ्यांना जमतेच असे नाही.

पाऊण तासाने गेटाबाहेर कारल्याचा रस. हा प्रायश्चित्ताचा विधी. तो एकदा उरकला, की समोरच्या गाडीवरचा बटाटावडा नैतिकदृष्ट्या मोकळा होतो. रमतगमत पाऊण तास चालले तर साधारण दीडशे कॅलरी खर्च होतात, आणि एका वडापावात त्याच्या दुप्पट असतात. पण हा हिशोब कुणी करत नाही. घड्याळ मात्र गाडीपर्यंतची पावलेही मोजून घेते.

मग तीन महिन्यांनी एचबीएवनसीचा, म्हणजे सरासरी साखरेचा, रिपोर्ट येतो आणि आकडा होता तिथेच असतो. ‘‘डॉक्टर, मी रोज चालतो हो! दहा हजार पावलं!’’ काकांच्या आवाजात फसवल्या गेलेल्या ठेवीदाराची व्यथा असते.

या दहा हजारांचीही एक गोष्ट आहे. हा आकडा कुठल्या इस्पितळात जन्मला नाही. टोकियो ऑलिंपिक झाल्यावर, 1965 साली, एका जपानी कंपनीने पावले मोजायचे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मीटर. नाव छान होते, आकडा गोल होता, खप झाला. आज साठ वर्षांनी त्या जाहिरातीच्या आकड्यासाठी दादरचे काका रात्री साडेदहाला हॉलमध्ये सोफ्याभोवती प्रदक्षिणा घालतात, कारण घड्याळ 9,640 वर अडकलेले असते.

चालणे वाईट आहे असे कुणी म्हणत नाही. उलट न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले, की दिवसात कधीतरी एकदम अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा दहा मिनिटे चालले तर जेवणानंतरची साखर जास्त खाली राहते. म्हणजे आपली शतपावली. फक्त शतपावली शंभरातच संपते आणि दहा मिनिटांत हजारभर पावले सहज होतात, हा तपशील आपल्याकडे शतकानुशतके कुणाच्या लक्षात आला नाही.

चालण्याला दोष नाहीच. दोष गप्पांना आहे.

व्यायामाचा जोर किती, हे मोजायची एक जुनी, फुकटची आणि बरीच भरवशाची कसोटी आहे. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, म्हणजे व्यायाम मध्यम. चार शब्द बोलून श्वासासाठी थांबावे लागते, म्हणजे व्यायाम जोराचा. आणि ज्याला चालता चालता बिल्डरच्या करारातले सातवे कलम उपकलमांसह समजावून सांगता येते, त्याचा व्यायाम कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आता काही जणांचा वेगळाच मुद्दा असतो. ‘‘मला कुठं पोट आहे? मी पहिल्यापासून काटकुळा.’’ या काटकुळ्या मंडळींसाठी पुण्याने एक फोटो देऊन ठेवला आहे. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे राहिले, आणि तो फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. म्हणजे वजनकाट्याच्या मते दोघे जुळे भाऊ. पण अंगातली चरबी मोजली तर साहेबांची 9.1 टक्के आणि डॉ. याज्ञिकांची 21.2 टक्के. दोघांची आडनावे इंग्रजी ‘वाय’ने सुरू होतात, म्हणून याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणतात. सगळ्या जगापुढे स्वतःलाच नमुना म्हणून उभे करायचे, हा परखडपणा पुण्यातच शक्य आहे.

तेव्हा शर्टाचा नंबर बदलला नाही याचा फार अभिमान धरण्यात अर्थ नाही. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसाकडे चरबी लपलेली असते आणि स्नायू बेताचाच असतो. आणि रक्तातली साखर मुख्यतः मुक्कामाला जाते ती स्नायूंत. मुक्कामाची खोलीच दहा बाय दहाची असेल तर पाहुणे जिन्यात बसणार.

ही साखर स्नायूत शिरते कशी, तेही मजेशीर आहे. पेशीच्या दारात इन्सुलिन नावाचा वॉचमन असतो. त्याने गेट उघडले की साखर आत. टाईप टू मधुमेहात वॉचमन हजर असतो, शिट्टीही मारतो, पण गेट गंजलेले असते. मात्र स्नायू जोरात आकुंचन पावला, की पेशीच्या आतले साखर वाहून नेणारे हमाल (शास्त्रज्ञ त्यांना ‘ग्लुट-फोर’ म्हणतात) स्वतःच दाराशी येतात आणि मागच्या गेटने साखर आत घेतात. वॉचमनच्या वहीत नोंद नाही, सही नाही, काही नाही. एकदा नीट व्यायाम झाला की पुढचा दीडदोन दिवस पुढचे गेटही जरा कमी कुरकुरते. एवढे सगळे फुकट मिळते, पण अट एकच: स्नायूला काम पडले पाहिजे. गप्पांनी काम पडते ते जबड्याच्या स्नायूला, आणि तो फार लहान आहे.

इथे पुन्हा जपान येतो, पण या वेळी जाहिरात घेऊन नाही. मात्सुमोतो शहरातल्या शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उतारवयातल्या माणसांसाठी साधी युक्ती काढली. तीन मिनिटे झपाझप, तीन मिनिटे सावकाश. अशी पाच आवर्तने, म्हणजे अर्धा तास, आठवड्यातून किमान चार दिवस. त्यांनी 246 जणांवर पाच महिने हा प्रयोग केला आणि 2007 मध्ये छापला. सरासरी वय 63. एक गट तेवढेच दिवस 8,000 पावले आरामात चालला, दुसरा असा आलटून पालटून. दुसऱ्या गटाच्या मांड्यांची ताकद वाढली, दम वाढला, रक्तदाब उतरला. आरामात चालणाऱ्यांचे फारसे काही बदलले नाही. सोफ्याभोवती फिरणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावे.

पुढे कोपनहेगनच्या संशोधकांनी हीच युक्ती टाईप टू मधुमेहाच्या लोकांवर लावून पाहिली. काम 2013 साली प्रसिद्ध झाले. यात गंमत अशी की दोन्ही गटांनी एकूण उष्मांक सारखेच खर्च करायचे, आठवड्यातून पाच दिवस, रोज तासभर, चार महिने. एका गटाने एका लयीत चालायचे, दुसऱ्याने तीन-तीन मिनिटांनी. लयीतल्या गटात विशेष फरक पडला नाही. तीन मिनिटवाल्यांचा दम सुमारे 16 टक्क्यांनी वाढला, चारेक किलो वजन उतरले आणि साखर आटोक्यात आली. खर्च तोच आणि फळ निराळे, असे उदाहरण मराठी लग्नाच्या कार्यालयांखेरीज सहसा सापडत नाही.

ही पद्धत अलीकडे ‘जपानी चालणे’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. त्यामुळे कट्ट्यावर ती यायचीच. अडचण दमाची आली नाही. अडचण आली ती तीन मिनिटे गप्प राहण्याची. ‘‘मग सून म्हणाली...’’ इथे घड्याळ टुणकन वाजते, चौघे तोंड मिटून सुसाट सुटतात आणि सून काय म्हणाली हे 180 सेकंद हवेत लटकते. मालिकेत ऐन मोक्याला जाहिराती लागाव्यात तसे. पण याचा एक अनपेक्षित फायदा झाला. पुढचा भाग लवकर ऐकायला मिळावा म्हणून सगळेच जरा भराभर पाय उचलू लागले. आणि सावकाशीच्या तीन मिनिटांत विषय आटोपायचा असल्याने गोष्टीतली अडगळ गेली. पूर्वी ज्या भांडणाला दोन फेऱ्या लागत, ते आता एका आवर्तनात मिटते.

एक दिवस मात्र गोंधळ झाला. एका काकांनी चार जिने धावत चढून लगेच बोट टोचले आणि साखर आधीपेक्षा वाढलेली निघाली. काका आनंदाने फुलले. ‘‘मी सांगत नव्हतो? व्यायामानं साखर वाढते!’’ त्या दिवशी त्यांनी खुर्चीत बसून विजय साजरा केला. खरी गोष्ट अशी, की अंगावर एकदम जोर आला की ॲड्रेनलिन उसळते आणि यकृत आपल्या कोठारातली साखर रक्तात ओतते, जणू मागे वाघ लागला आहे. थोड्या वेळाने ती उतरते, आणि पुढचे कित्येक तास खालीच राहते. वाघ जायची वाट पाहून मग बोट टोचावे.

आता दुसरे संकट: वजन उचलणे.

डॉक्टरने ‘‘थोडं वेट ट्रेनिंग करा’’ म्हटले, की काकांना दंडावर टरबुजे आलेला तेल लावलेला माणूस दिसतो आणि काकूंना स्वतःच्या ब्लाउजची बाही उसवलेली दिसते. ‘‘अहो डॉक्टर, या वयात मला पैलवान व्हायचंय का?’’ साठीच्या बाईचे दंड असे सहजासहजी फुगत नाहीत. जिममध्ये वर्षानुवर्षे घाम गाळणाऱ्या पंचविशीतल्या मुलांचेसुद्धा मनासारखे फुगत नाहीत, त्यांना विचारावे. उलट तिशीनंतर दर दहा वर्षांत काही टक्के स्नायू आपोआप झडत असतो आणि मधुमेहात तो जास्त लवकर झडतो. तेव्हा प्रश्न पैलवान व्हायचा नसून कमोडवरून कुणाचा हात न धरता उठायचा आहे.

वास्तविक काकूंनी जन्मभर वजनेच उचलली. चाळीत नळाच्या दोन कळशा, एक डोक्यावर आणि एक कमरेवर. घरगुती सिलिंडरात गॅस 14.2 किलो, पण टाकी धरून ते धूड तीस किलोच्या आसपास जाते, आणि काकू ते तिरके करून कडेवर गरागरा फिरवत स्वयंपाकघरापर्यंत नेत. आजीच्या काळी पहाटे जाते होते. मग नळ घरात आला, गॅस पाइपातून आला, पीठ पिशवीतून आले, आणि नव्या इमारतीत लिफ्ट आली. शेवटी न्हाणीघराचे नूतनीकरण झाले आणि उकिडवे बसण्याचा दिवसातला एकमेव प्रसंगही संपला. ज्या कष्टांतून सुटण्यासाठी दोन पिढ्या राबल्या, तेच कष्ट आता महिना दोन हजार रुपये भरून, एसीत, आरशासमोर करायचे. काकूंना हे पटायला वेळ लागतो, आणि लागायलाच हवा.

पण आकडे काकूंच्या विरुद्ध आहेत. अमेरिकेतल्या लुइझियानात 262 मधुमेही स्त्री-पुरुषांवर नऊ महिने एक चाचणी झाली, ती 2010 साली प्रसिद्ध झाली. काहींनी फक्त चालायचे, काहींनी फक्त वजने उचलायची, काहींनी तेवढ्याच वेळात दोन्ही थोडे थोडे करायचे. एचबीएवनसीचा आकडा ठळकपणे उतरला तो फक्त दोन्ही करणाऱ्यांचा. त्याआधी 2007 साली कॅनडातल्या 251 जणांच्या चाचणीतही दोन्ही एकत्र करणारेच पुढे होते. वरणाने भागत नाही, भाताने भागत नाही, वरणभात लागतो. अर्थात ही उपमा मधुमेह्याला देणे जरा क्रूरपणाचे आहे.

‘‘ही सगळी पाश्चात्त्यांची थेरं,’’ असे म्हणणारे एक आजोबा प्रत्येक कट्ट्यावर असतात. त्यांच्यासाठी सुश्रुत आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या (त्यात मधुमेहही आला) रोग्याला सांगितलेले उपाय वाचले तर आजचा ट्रेनर मायाळू वाटेल. गरीब रोग्याने पायात जोडे नाहीत, डोक्यावर छत्री नाही, अशा अवस्थेत भिक्षा मागत, एका गावात एकच रात्र काढत, शंभर योजने किंवा त्याहून जास्त चालावे. योजन आठ मैलांचे धरले तर हे बाराशे-तेराशे किलोमीटर होते, म्हणजे मुंबईहून निघालेला रोगी दिल्लीच्या आसपास बरा होणार. शिवाय शेत नांगरावे, किंवा विहीर खणावी, असेही आहे. झपाझप चालणे आणि वजन उचलणे, दोन्ही आले. हे पान दाखवल्यावर आजोबांनी पाश्चात्त्यांची व्यायामाची रबरी पट्टी मुकाट्याने हातात घेतली. सुश्रुताने कृश रोग्याला मात्र जपायला सांगितले आहे, हेही त्यांनी लगेच शोधून काढले.

आणि महाराष्ट्राला तर हे शिकवायची गरजच नव्हती. कोल्हापूरच्या तालमींत जोर-बैठका आहेत, करेल फिरवणे आहे. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा इतका ध्यास घेतला होता की त्यावर पुस्तके लिहिली, आणि 1938 मध्ये लंडनहून इंग्रजीतही पुस्तक निघाले. एका सूर्यनमस्कारात वाकणे, ताणणे, जोर मारणे सगळे येते, आणि बारा भराभर घालून क्षणभर थांबले की आपोआप ‘इंटरव्हल’ही होते. आपण तेवढे बाजूला ठेवून फक्त रथसप्तमीला सामूहिक फोटो काढतो.

जिममध्ये जायलाच हवे असेही नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचे-बसायचे. भिंतीला हात लावून जोर मारायचे. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. तांदळाची पाच किलोची पिशवी दोन्ही हातांत धरून उचलायची. फक्त नंतर ती डब्यात ओतायची, कुकरात नव्हे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचे सांगणे असे: आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम ते जोराचा व्यायाम, दोन ते तीन दिवस ताकदीचा, आणि दर अर्ध्या तासाने बैठक मोडायची. हे शेवटचे सर्वांत अवघड. मालिकेचे दोन भाग पाठोपाठ पाहणाऱ्या घरात दर अर्ध्या तासाने उठणारा माणूस संशयास्पद ठरतो.

जिममध्ये गेलेच, तर तिथला पोरगा ‘‘अंकल, और एक!’’ म्हणून ओरडतो. अंकल इरेला पेटून श्वास कोंडतात आणि चेहरा आमसुलासारखा होतो. हे करू नये. श्वास कोंडून जोर काढला की रक्तदाब एकदम चढतो. डोळ्यांच्या पडद्याला मधुमेहाने इजा झालेल्यांना तर ते घातकच. उचलताना श्वास सोडायचा. म्हणून जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी डोळे, हृदय आणि पाय एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यायचे. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर बुटात खडा गेलेला कळत नाही. संध्याकाळी पाय धुऊन, तळवा आरशात पाहायचा. दिवसभरात तोंड शंभरदा पाहतो, तळवा एकदा पाहायला हरकत नाही.

आणि एक तरतूद अशी आहे की जी ऐकून प्रत्येक काकांचा चेहरा उजळतो. इन्सुलिन किंवा साखर जोरात खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर व्यायामात साखर 70 च्या खाली घसरू शकते. हात कापतात, घाम फुटतो, चिडचिड होते. पैकी चिडचिड ही काकांच्या बाबतीत लक्षण धरता येत नाही. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज खायचे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे. म्हणजे वैद्यकशास्त्राने मधुमेह्याच्या खिशात साखर अधिकृतपणे ठेवली आहे. ‘‘मग पेढा चालेल?’’ हा प्रश्न येतोच. चालणार नाही. पेढ्यातल्या खव्याचे तूप साखरेला रक्तात पोचू देताना वेळ लावते, आणि इथे वेळच नसतो. एका काकांनी तरीही दोन पेढे खिशात ठेवले होते. त्यांची साखर कधी 70 च्या खाली गेली नाही. पेढे मात्र पहिल्या फेरीतच संपले.

राहता राहिली सुट्टी. व्यायामाचा परिणाम दोनेक दिवसांत ओसरतो, म्हणून लागोपाठ दोन दिवसांहून जास्त खंड पडू द्यायचा नाही, असा नियम आहे. ज्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो त्यांची काही अडचण नाही, ते नियमात बसतात. पाच आणि दहा दिवसवाल्यांनी मात्र रोज आरतीच्या आधी दहा मिनिटे काढून वीस बैठका मारून घ्याव्यात, आणि मोदक त्यानंतर मोजायला घ्यावेत.